आगाऊ बातमी

९ फेब्रुवारी १९९७, रविवार

गल्लीतल्या छगनची नूतन फॉर्म घेऊन आली आणि माझी दुपारची झोप गेली.

पुण्याची कुठलीशी संशोधन संस्था मे-जून असे दोन महिने देशभरातली वीस पोरं बोलावते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. खऱ्याखुऱ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, राहणं-जेवण त्यांचं. कॉलेजच्या फळ्यावर सूचना होती म्हणे, परीक्षेच्या वेळापत्रकाखाली अर्धी झाकलेली. साठ पोरांच्या वर्गात वेळापत्रक उचलून खालचं वाचणारी ही एकटी!

फॉर्मसोबत एक पान लिहायचं — हे तुम्हाला का करायचंय? हिने लिहिलं होतं : रसायनशास्त्र हा अतिशय विशाल विषय असून मानवी जीवनात त्याचे अनन्यसाधारण महत्त्व आहे.

म्हटलं, बाई, हे मी पेपराला धाडतो त्या बातमीसारखं झालं. कुणाचंही नाव घाला, चालतं.

रागावली. बराच वेळ पेन चावत बसली. मग म्हणाली, "बाबांची नखं, काका."

छगन इथे गुजरातेत, पांडेसऱ्याला साड्या रंगवायच्या डाइंगमध्ये आहे. सोमवारी नखं लाल, बुधवारी त्यावर निळा थर. साडीचा रंग दोन धुण्यांत उतरतो, बाबांच्या नखांचा महिनाभर हलत नाही. रंग साडीला सोडतो, माणसाला का सोडत नाही — हे तिला सातव्या वर्षापासून कुणालातरी विचारायचंय.

हेच लिही म्हटलं. आधी मराठीत लिहिलं, मग दोघांनी मिळून इंग्रजी केलं. माझं इंग्रजी संस्कृतातून उतरलेलं, तिचं गुजरातीतून. मध्ये कुठेतरी गाठ पडली.

पत्ता कॉलेजचा दिला. लिंबायतला आमच्या गल्लीचं टपाल पानवाल्याकडे पडतं. सगळ्यांचं वाचून झालं की मालकाला मिळतं.

११ फेब्रुवारी

निवड झालीच तर पालकाच्या सहीचं संमतिपत्र धाडावं लागतं. कोरा नमुना फॉर्मसोबतच आलाय. छगनला दाखवला. "नंबर लागू दे, मंग देखू."

छगनचं 'मंग देखू' मी वीस वर्षं ऐकतोय. ते 'नाही'चं सभ्य रूप. त्यात नूतनच्या मामाने नंदुरबारचं एक स्थळ काढलंय, मेमध्ये बघायला येणार. सरलाबाई आतून आल्या. त्यांनी नवऱ्याचा अर्धा चहा माझ्या कपात ओतला. आई कुणाच्या बाजूची ते कळलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

नामुष्की! महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची माझी बातमी आज आली — 'महिलांच्या प्रचंड उपस्थितीत उत्साहात संपन्न.' हळदीकुंकू झालंच नाही. त्या दिवशी पाच वाजता पाण्याची मोटर जळाली, सगळ्या बाया टँकरच्या रांगेत.

यात माझा दोष काय? 'दैनिक गिरणाकाठ'चं पाकीट चारच्या धुळे गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यावं लागतं. कार्यक्रम सहाला. सहा वाजता घडणारं चारला न लिहील तो वार्ताहर कसला! ऋषी त्रिकाळज्ञ असत. आम्ही दोन तासांपुरते आहोत.

नूतन हसून हसून लोळली. विचारत होती, "काका, सगळ्याच बातम्या तुम्ही आधी लिहून ठेवता?" अभिमानाने म्हटलं, सगळ्याच.

३ एप्रिल

परीक्षा संपवून नूतन आली. पासपोर्ट फोटो, पूर्ण नाव, बारावीचे गुण — सगळं एका कागदावर. "लागेल तुम्हाला." पत्र आलं का विचारायच्या आत सरलाबाईंनी हाक मारली, पळाली.

कागद समोर होता, पेन उघडं होतं. लिहून टाकली. 'लिंबायतच्या कन्येची पुण्यात गरुडझेप.' बरी उतरली आहे. राखून ठेवतो.

७ एप्रिल

आज बातमीच नव्हती. रिकामं पाकीट पाठवायला लाज वाटते. नूतनची बातमी घातली, वर लाल शाईने — 'निवड कळेपर्यंत राखून ठेवावी.'

१० एप्रिल

छापली!! फोटोसह!! पहिल्या पानावर!!

एसटीडी बूथवरून संपादकांना फोन केला. म्हणाले, शास्त्रीबुवा, चार इंच जागा मोकळी होती आणि लाल शाई आमच्या दिव्याखाली दिसत नाही. बरं, खुलासा छापा म्हटलं. म्हणाले, आपल्या पेपराने स्थापनेपासून खुलासा छापलेला नाही, लोकांचा विश्वास उडतो.

११ एप्रिल

गल्लीत पेढे. मलाही दोन. न खाता फडताळात ठेवले.

छगनने कात्रण डाइंगच्या कँटीनमध्ये चिकटवलंय. सुपरवायझर गुजराती, त्याला मराठी येत नाही, तरी उभं राहून पूर्ण वाचलं म्हणे.

१२ एप्रिल

नूतनला गाठून सगळं कबूल केलं. पोरी, माझ्या हातून मोठा घात झाला. उद्या नकार आला तर तुला तोंड दाखवायला जागा नाही, आणि मला तर मुळीच नाही.

वाटलं, रडेल. शांतपणे ओढणीच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुमच्या पेपरात आलंय म्हणजे खरंच असेल, काका."

हा भाबडेपणा! विज्ञान शिकते ना ही?

१५ एप्रिल

रामदासभाऊ घरी आले. रामदासभाऊ आमच्या खानदेश मंडळाचे अध्यक्ष. शालीचा गठ्ठा त्यांच्याकडे कायम तयार असतो, फक्त खांदा लागतो. रविवारी नूतनचा सत्कार. मी म्हटलं, पत्र येऊ द्या की. म्हणाले, बातमी तुम्ही दिली आणि पत्र मागता कुणाला?

बाहेर पडताना त्यांनी आठवण केली — सत्काराची बातमी तेवढी आधी पाठवून ठेवा.

२० एप्रिल, रविवार

पाठवली नाही. उभ्या आयुष्यात प्रथमच एखादा कार्यक्रम होईपर्यंत वाट पाहिली. गणपतीसमोर मनात म्हणत होतो, मोटर जळू दे, वीज जाऊ दे. सगळं सुरळीत पार पडलं.

रामदासभाऊंनी नूतनला 'आपली थोर शास्त्रज्ञ' करून टाकलं. मग छगनला बोलायला उभं केलं. माणूस जन्मात माईकसमोर उभा राहिलेला नाही. आज नखं हिरवी होती. त्याने हात मागे लपवले.

"मी नहीच म्हननार व्हतू," म्हणाला. "पन पेपरमा छापी उनं. आते नही कसं म्हनू?"

टाळ्या! त्या थांबायच्या आत नूतनने पर्समधून संमतिपत्र काढून बापासमोर धरलं. रामदासभाऊंनी स्वतःचं पेन दिलं. छगनने तीनशे माणसांसमोर सही केली. पोरीची तयारी बघून थक्क झालो. पण सही झाली, निवड कुठाय?

२४ एप्रिल

पत्राचं विचारलं. म्हणाली, "काका, तुम्ही जेवता की नाही हल्ली?"

२७ एप्रिल, रविवार

ठरवून छगनकडे गेलो. आज सांगायचंच. झाली चूक माझी, पोरीची नाही. मारायचं तर मला मार.

छगन खाटेवर बसून नवीन पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव घालत होता. 'नूतन छगन बोरसे, पुणे.' 'पुणे' जरा मोठंच झालं होतं. नंदुरबारच्या पाहुण्यांना त्याने निरोप धाडलाय, पोर शिकतेय, दोन वर्षं मोकळी नाही. मला म्हणाला, "गुरुजी, तुमीन छापं नसतं ना, मी पोरनं वाटोळं करी टाकतू."

तोंड उघडलं होतं. चहा आला. त्यावर मिटलं.

२९ एप्रिल

नूतन पाया पडायला आली. परवाची गाडी. म्हटलं, बस पोरी, जाऊ नकोस, निवड अजून —

तिने पर्समधून लिफाफा काढला. संस्थेचं पत्र. वीसजणांत तिसरं नाव. कॉलेजच्या कचेरीचा शिक्का : २ एप्रिल.

२ एप्रिल! म्हणजे फोटो घेऊन आली त्याच्या आदल्या दिवशी. संमतिपत्र सत्काराच्या दुसऱ्या दिवशी रजिस्टरने गेलंसुद्धा.

"बाबांना पत्र दाखवलं असतं तर 'मंग देखू' म्हणाले असते," ती म्हणाली. "पेपराला तसं म्हणता येत नाही. मला वाटलं, तुम्ही त्याच दिवशी पाठवाल. चार दिवस लावलेत, काका! जीव गेला माझा."

गेली. पायाला हात लावून, हसत.

वीस वर्षांत न घडलेल्या कितीतरी गोष्टी मी घडवल्या. ही एक आधीच घडलेली होती, आणि ती मी आठ दिवस उशिरा दिली.