मागच्या खोलीतली आगगाडी

४ मार्च
लिहायला बसवलं ते वन्संनी. घराची दुरुस्ती निघाली म्हणून भावाकडे राहायला आल्या, आणि दोघांनी मागची खोली आतून लावून घेतली! लहानपणची खेळण्यातली आगगाडी सापडलीय. प्लास्टिकचे डबे स्पिरिटच्या बरणीत बुडवायचे, जुना रंग सुटला की दात घासायच्या ब्रशाने घासायचे, मग नवा रंग. सत्तरीला टेकलेला माणूस! आणि वन्संची हाक — "छोट्या, पुढचा डबा घे!"
दार का बंद? तर म्हणे, "तुला वास सोसत नाही." माझ्या नाकाची काळजी एकाएकी कुठून उपटली?

६ मार्च
आतून खिदळणं. माझ्याशी बोलताना मात्र तोंडाला कुलूप.
चहा नेला, तर वन्संनी दाराच्या फटीतूनच घेतला. "त्याचा कप अर्धाच भरत जा गं." आता माझ्या नवऱ्याचा चहाही याच मोजणार!

९ मार्च
म्हटलं, मीही एक डबा घासते. हे म्हणाले, "नको. तू कढई घासल्यासारखं घासशील. मोहरीएवढे उठावाचे खिळे आहेत त्यावर, झिजतील." वन्सं हसल्या. हसू देत.

११ मार्च
मंगळवार. दोघं फिरायला गेले — मला कोण विचारतंय! खोलीत शिरले. इंजिन अजून जुन्या हिरव्या रंगातच, शेवटी करायचं म्हणून राखलेलं. म्हटलं, दाखवतेच. स्पिरिटला वेळ लागतो. एवढा धीर कुणाला? नखांचा रंग काढायचं पाणी ओतलं. रंग झरझर सुटला. मी खूश! मग छप्पर बोटाला चिकटलं. धुराडं मान टाकून वाकलं. रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळलं — आणि मी म्हणे रसायनशास्त्राची पदवीधर!
संध्याकाळी यांचा आवाज — "हे काय झालं?" मी तोंड उघडणार, तोच वन्सं म्हणाल्या, "माझ्याच हातून रे, छोट्या. बाटली चुकली."
मी त्यांना ते अंगावर घेऊ दिलं. वर बरंही वाटलं — भांडतील आता!

१२ मार्च
भांडले नाहीत.

१५ मार्च
वन्सं गेल्या. गाडी दारात उभी, आणि मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं.
"नखं रंगवायचं माझं वय आहे का गं? बाटली तुझीच. जाऊ दे ते. त्याचे हात थरथरतात. मंगळवारी फिरायला नाही, डॉक्टरकडे गेलो होतो. तुला सांगायला घाबरतो — म्हणतो, ती लगेच चमच्याने भरवायला लागेल. डबा मी धरायची, ब्रश तो फिरवायचा. सैल धर. त्याचा हात हलला की आपणही थोडं हलायचं, म्हणजे खिळे वाचतात."
यांनी बहिणीला सांगितलं. मला नाही!
ताब्यात मिळालं : स्पिरिटची बरणी, दोन ब्रश, घासायचे राहिलेले तीन डबे. वितळलेलं इंजिन मी मागून घेतलं.
चार वाजता चहा नेला. दोन्ही कप अर्धेच भरले.