आत कुणी आहे का?

प्रिय ताई,

मग काय, सगळं सोडून परत येऊ? प्रत्येक पत्रात तुझं तेच तुणतुणं, यंत्राच्या भरवशावर राहू नकोस, एक दिवस ते गळ्याशी येईल. अगं, तुझ्या पुस्तकांतली यंत्रं माणसांवर राज्य करतात, इथलं बिचारं खोकी मोजतं. मी चौथीतून पळालेला, तर मला चित्रं दाखवून काम सांगतं. आईबापाचा उद्धार करणारा मुकादम नाही. हे तुझ्या पुस्तकवाल्यांनी कधी लिहिलंय? आणि म्हणे वाचनालयाची वर्गणी बंद केलीस. का, तर धाकटा म्हणतो त्या सगळ्या थापा. माझं कधीपासून ऐकायला लागलीस तू?

आपलं इस्त्रीचं दुकान आठवतं इथे. तू इस्त्री फिरवत गोष्ट सांगायचीस, मी घड्या घालायचो. ते एक शहर होतं बघ, यंत्राच्या मोजणीत नसलेला माणूस तिथे असून नसल्यासारखा. दार त्याच्यासाठी उघडायचंच नाही. नेमकं तिथे तू कॉलर उलटायचीस आणि गप्प व्हायचीस. मग शटर ओढताना तुझी हाक, आत कुणी आहे का? दुकान हातभर, माणसं दोन, दोघंही बाहेर. मी म्हणायचो, एखाद दिवस इस्त्री ओ देईल. तू म्हणायचीस, दिली तर ऐकू यायला नको?

इथल्या शीतगृहात प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा असतो. त्यावरून दारावरच्या पाटीला कळतं, आत किती माणसं आहेत. शून्य दिसलं की दार लावायचं, मग दिवे आपोआप जातात आणि गारठा वाढतो. परवा पाळी संपली, पाटीवर शून्य. सगळे हातमोजे काढत निघाले. दार लावायचं काम माझं. बटणावर बोट ठेवलं आणि जिभेची सवय, हाक मारली. मागे एकजण म्हणाला, थंडीनं याचं डोकं गोठलं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून खोक्यावर थाप ऐकू आली.

आमचे हमालकाका. मनगट सुजलं म्हणून शेवटच्या फेरीला पट्टा काढून बाहेर खुंटीला अडकवलेला. आत खोकी कोसळून पाय अडकला, ओरडायला आवाज फुटेना. यंत्राच्या हिशेबी काका खुंटीवर सुखरूप होते. आता पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेत, दिवसभर खोक्यांना शिव्या देतात. आणि तो हसणारा, तोच आता दार लावताना सगळ्यात मोठ्यानं हाक मारतो.

यंत्र वाईट हे मी अजून मानत नाही, त्यावर आल्यावर भांडू. त्याला दिसलं तेवढं त्यानं सांगितलं. पण हाक मारायला त्यानं नाही शिकवलं मला. काकांनी विचारलं, तुला सुचलं कसं? म्हटलं, बहिणीमुळे, ती पुस्तकं वाचते. त्यांनी त्या दिवसाची मजुरी माझ्या हातात कोंबली, म्हणाले, तिला पाठव. मी घेईना, तर म्हणाले, ती नसती तर ही घ्यायला मी तरी कुठे होतो? तेव्हा हे पैसे घरखर्चात घालू नकोस, माझ्या नावानं साठवू नकोस. वर्गणी भर, ते शहराचं पुस्तक परत आण, आणि शेवटी त्या माणसासाठी दार उघडलं की नाही, तेवढं कळव. पाठवतोय आठशे साठ रुपये.

तुझाच,
तोंडाळ धाकटा