टॉवरचे आकडे माझ्या बोटांवर

६ नोव्हेंबर २००८
रेडिओ आज पुन्हा खरखरला. आमचं सेसना विमान बहात्तर सालचं, त्याचा रेडिओही तेवढाच म्हातारा! अंबिकापूरहून परतताना माना विमानतळाच्या टॉवरनं उंची सांगितली. मला नीट समजली — गुढ़ियारीच्या मालधक्क्यावर नुसत्या आवाजावरून आमच्या ट्रकचं बिघडलेलं बेअरिंग ओळखणारे कान आहेत हे. आमच्या पायलटनं, कॅप्टन नरहरींनी, मान वळवली, मी बोटं दाखवली. त्यांनी आकडा टॉवरला परत म्हणून दाखवला. मग विमान असं टेकवलं, की मागे बसलेल्या बायकोच्या, विजयाच्या मांडीवरचा डबा हलला नाही. काय हात आहे माणसाचा!

बोटांची सवय त्यांनीच लावली. "भाऊ, बाजूले बसून झोपा काहून काढता? टॉवर बोलला का आकडा बोटांवर धरा. शिकाल." तेव्हापासून धरतो. उगाच अर्धा पायलट झाल्यासारखं वाटतं.

९ नोव्हेंबर
ठरलं, नवी यंत्रं बसवायची! पराग म्हणतो, "पापा, पूरा ग्लास पैनल लगवाओ." म्हणजे सुयांची घड्याळं काढून नुसते पडदेच पडदे. विजया म्हणाली, "विमानाले टीव्ही लावून राहिले का?"

कॅप्टन पोह्यांवर शेव घालत ऐकत होते. "सुयांची घड्याळं चांगली आहेत. नकाशाचा लहान पडदा घ्या, ढगात वाट दिसते. ऑटोपायलट थांबू शकतो. पण रेडिओ अन् हेडफोन एक नंबर पाहिजे. ऐकूच आलं नाही तर बाकी सारं शोभेचं!" दुसरा असता तर दुकानच मागितलं असतं.

१२ नोव्हेंबर
पराग रुसला. कॅप्टनची निवड पक्की. यंत्रं बसवायला विमान नागपूरला.

२० डिसेंबर
विमान आलं. इंजिन सुरू करण्याआधी रेडिओ तपासला. काय आवाज! टॉवरवाला शेजारी बसून बोलतोय असा. त्यानं वाऱ्याची दिशा सांगितली. माझे हात नव्या पडद्यावरची प्लास्टिकची पन्नी सोलण्यात गुंतलेले.

कॅप्टन माझ्या हातांकडे बघत राहिले.

"काय म्हणाला तो?"

इंजिन बंद. पंखा थांबलेला. खरखर नावाला नाही.

मी बोटं वर केली. ते आकडा बोलले नाहीत. हळूच हेडफोन उतरवला. "एवढी वर्षं बिचाऱ्या रेडिओले शिव्या देल्या, भाऊ." मी म्हणालो, "मी आहे ना बाजूला!" तर हसले. "तुम्ही शिंकले तर?"

आज उडणं नाही म्हणाले. कानाच्या डॉक्टरकडे एकटेच गेले. मी सांगायच्या आत!

१२ जानेवारी २००९
डाव्या सीटवर कौमुदी — कॅप्टनच्याच हाताखाली शिकलेली पायलट. कॅप्टन मागे, प्रवासी म्हणून. टॉवर बोलला. माझी बोटं आपोआप वर गेली. पोरीनं बघितलंसुद्धा नाही, आकडा चटकन परत म्हणून मोकळी!

मागून कॅप्टन माझ्या बोटांकडे बघत तोच आकडा पुटपुटले. मी हात खाली घेतला नाही.