वाळूला घातलेलं जेवण

प्रिय सोलवेग,

एवढं जाड पाकीट बघून तुला धडकी भरेल, म्हणून आधीच सांगते, इथे सगळे धडधाकट आहेत. बियार्नीचा गुडघा कुरकुरतो, लाल गाय दूध काढताना लाथा झाडते, बाकी होल्टच्या शेतावर सगळं ठीक. सव्वीस वर्षांत नाताळच्या चार ओळींपलीकडे मी तुला काही लिहिलं नाही आणि आज भर दुपारी कामं टाकून पानं भरत बसलेय. बियार्नी दोनदा डोकावून गेला, नवराच तो. म्हणतो, आज जेवायला वाढणार आहेस की पत्रच वाचून दाखवणार?

आपलं मेलूर गवत मरत चाललंय गं. घराच्या दक्षिणेला, वाळूच्या टेकाडांवर तू पेरलेलं. पूर्वी कमरेइतकं वाढायचं, निळसर, पात्यांच्या कडा अशा की बोट चिरेल. आता गुडघ्याएवढंही होत नाही, कणसं तर हाताच्या बोटांवर मोजावीत. तीन वर्षं मी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. वारा वाळू आणून त्याला गाडतो, म्हणून वाऱ्याच्या अंगाला दगडी बांध घातला, शेण घातलं, बुंध्याशी साचलेली वाळू हातांनी उपसली. जितकं जपावं तितकं ते खंगत गेलं. बियार्नी म्हणाला, पोरांचे एवढे लाड केले असतेस तर ती शहरात पळाली नसती.

मग उन्हाळ्यात इंग्वार म्हणून एक जण आला, गवतांचा अभ्यास करणारा. त्यानं टेकाडाच्या कडेला पुरुषभर खोल चर खणला आणि मला आत उतरायला लावलं. बघते तर मुळं थेट तळापर्यंत! थोड्या थोड्या अंतरावर गाठी, आणि प्रत्येक गाठीला मुळांचा झुबका. तो म्हणाला, बाई, प्रत्येक गाठ म्हणजे हे एकदा गाडलं गेलं आणि पुन्हा वर आलं. राय नावाच्या धान्याचाच हा रानटी भाऊबंद, पण स्वभाव उफराटा. वाळू पडत राहिली तर हा जोमानं वाढतो, वाळू थांबली की संपतो. तुम्ही बांध घातलात आणि त्याला उपाशी मारलंत. माझा चेहरा पडलेला पाहून त्यानं सुकलेल्या काड्या बाजूला सारल्या. खाली मऊ हिरवं कुरण धरलं होतं, मेंढ्यांच्या तोंडाला पाणी सुटेल असं. म्हणाला, तसंही वाळू थांबवायचं त्याचं काम झालंच होतं. कुणी पेरलं होतं हे? मी 'माझ्या' म्हणाले आणि जीभ अडली. मग म्हटलं, सोलवेगनं. आपल्याकडे सगळ्यांनाच नावानं हाक मारतात, त्यामुळे त्याला काही खटकलं नाही. पण आईला आईच म्हणतात, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

काट्लाचा ज्वालामुखी फुटला त्याच्या पुढच्या वर्षीची कापणी आठवते? राख आणि वाळू उंबऱ्याशी येऊन टेकली होती, पीठ मिळेनासं झालं होतं, बाबा घर सोडायच्या गोष्टी करत होते. मेलूरच्या दाण्यांवरच हिवाळा काढायचा होता. आणि भट्टीत वाळवायला नेल्या तेव्हा पेंढ्या कमी भरल्या. पहाटे तुला गोणी घेऊन मागच्या दारानं जाताना मी पाहिलं होतं. बाबांना सांगितलं, ती माहेरी पोचवते. बारा वर्षांची होते मी. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिच्या स्टुलावर बाबांची नवी बायको म्हणून तू बसायचीस. बाबांनी सगळ्यांदेखत विचारलं. तू म्हणालीस, माहेरी नाही, वाळूत. बाबा केवढ्यानं ओरडले, घरात खायला नाही आणि तू वाळूला जेवू घालतेस? तू शांतपणे म्हणालीस, भट्टीत गेलेलं बी उगवत नाही, म्हणून आधीच काढलं. वाळू अडली नाही तर पुढच्या वर्षी जेवायला बसायला घरच नसेल.

माझा आळ खोटा ठरला, पण मी तुझी माफी मागितली नाही. त्या हिवाळ्यात तू दाणे दळायचीस, कणीक मळून तशीच, न भाजता, लोण्याबरोबर आम्हाला वाढायचीस आणि स्वतः सुक्या माशाचं डोकं चघळत बसायचीस. मला नाही आवडत ती कणीक, म्हणायचीस. मला आनंदच व्हायचा, माझा वाटा वाढला म्हणून. दुसऱ्या वसंतात तुझ्या टाचेनं पाडलेल्या खड्ड्यांतून रांगेनं निळे कोंब वर आले. बाबा तिथे टोपी हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते. शेजारची दोन घरं आज वाळूखाली आहेत. आपलं उभं आहे.

त्याच घराच्या दारात, बाबा गेल्यानंतर, माझं लग्न झालं त्या वर्षी, मी तुला सुनावलं की हे घर माझ्या आईचं आहे. तू पेटी भरलीस आणि वीक गावात बहिणीकडे गेलीस. जातं मात्र माझ्यासाठी ठेवून गेलीस.

परवा उरलीसुरली कणसं कापली. भट्टी पेटवली. बियार्नी पाय धुऊन पिंपात उतरला आणि दुखरा गुडघा विसरून दाणे तुडवत नाचला. जातं मी ओढलं. दोन पसे पीठ निघालं, ते झाकून ठेवलंय. तुझी बहीण गेल्यापासून तू तिथे एकटी आहेस, हे मला वसंतातच कळलं होतं. विचारायची लाज वाटत होती. शनिवारी बियार्नी जीप घेऊन येतोय, पेटी भरून ठेव. दक्षिणेची खोली झाडून-पुसून तयार आहे, खिडकीतून तुझं कुरण दिसतं. कणीक तू आल्यावरच मळेन आणि पहिला घास तुझा. आवडत नाही म्हणू नकोस, ते खोटं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. वर मी तुझं नाव लिहिलं ते सवयीनं. पण शनिवारी जीप दाराशी थांबल्यावर ऐनवेळी पुन्हा जीभ अडायला नको, म्हणून तेव्हा जी हाक मारणार आहे ती आत्ताच लिहून ठेवते. आई.

तुझीच लेक,
थोरा