धोंडूची जागा

९ डिसेंबर १९५७

पोचलो एकदाचा. फोंडाघाट उतरून कसालपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी, शेवटी होडीनं खाडी पार. हाडं खिळखिळी झाली, पण स्वारी खूश आहे. दवाखाना दोन खोल्यांचा, मागे मला राहायला एक खोली, चूल आणि न्हाणी. डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी मसुऱ्याहून येणार. बाकीचे दिवस मीच कंपाउंडर आणि मीच धन्वंतरी. शेजारच्या सत्यवतीबाई जेवण पाठवणार आहेत. आज उकडा भात आणि कुळथाची पिठी होती, ताट चाटूनपुसून लख्ख केलं. संक्रांतीआधी आनंदी छबूला घेऊन येईल. छबू तीन वर्षांची, तिला समुद्र दाखवायचं कबूल करून बसलोय.

१२ डिसेंबर

इथल्या लोकांची थंडी म्हणजे गंमतच आहे. मी पाचगणीचा. आमच्याकडे बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही, आणि इथे जरा गारवा पडला की मंडळी कानाला फडकी गुंडाळून गंगारामतात्यांच्या खळ्यात हजर. सूर्य उगवायच्या आधी शेकोटी पेटते. पातेरा म्हणजे वाळकी पानं, नारळाची सोडणं, जे मिळेल ते जाळायचं. राखेत रताळी. कुणी जाळं सांधतो, भजनातला गुरुदास पखवाजाचं तोंड शेकत बसतो. मी लोकर आणि सुया काढल्या तेव्हा मात्र सगळे गार पडले. ह्या बायलांचा काम तुमका कोणी शिकयल्यान, असं तात्यांनी विचारलं. आईनं, म्हटलं. छबूची टोपी विणतोय. दोन दिवस चेष्टा झाली, आता भिकाजी, म्हणजे सत्यवतीबाईंचे यजमान, स्वतःसाठी मफलर मागतायत.

१६ डिसेंबर

आज सगळे माझ्यावर रुसले. शेकोटीच्या रिंगणात एक जागा रोज मोकळी असते, गोणपाट घातलेली. मागे चार माणसं कुडकुडत उभी राहतात, पण तिथे टेकत नाहीत. म्हटलं, असेल कुणा मानकऱ्याची, तो आला की उठू. बसलो. थंय बसा नकात, म्हणून तात्या ओरडले, तोवर माझी मांडी घालून झाली होती. आनंदी मला हटवादी म्हणते ते खोटं नाही. टोपीच्या चार ओळी विणून मगच उठलो. तेवढ्या वेळात खळं रिकामं झालं होतं.

१७ डिसेंबर

सत्यवतीबाईंनी उलगडा केला. धोंडू नावाचा एक मासेमारी करणारा होता. दोन वर्षांमागे पौषातल्या पहाटे त्याची होडी उलटली. पोहत काठाला लागला, निथळत शेकोटीपाशी आला आणि जरा सरका म्हणाला. गप्पा रंगल्या होत्या, कुणी सरकलं नाही. तो घरी गेला आणि दुपारी आटोपला. माझो घोवय थंयच बसललो, असं बाई भिकाजींबद्दल खाली बघत म्हणाल्या. तेव्हापासून त्याची जागा सोडतात, तो रोज येऊन बसतो म्हणे. मनात टोचणी लागली आहे बिचाऱ्यांच्या, दुसरं काय.

२० डिसेंबर

थंडी वाजतेय. डॉक्टर संक्रांतीपर्यंत रजेवर आहेत. हिवताप असेल म्हणून क्विनीन घेतलं. थर्मामीटर लावला तर ताप नाहीच, उलट सत्त्याण्णव. सकाळी अंथरूण ओलं होतं. खाडीच्या पाण्याचा वास.

२४ डिसेंबर

पंचाण्णव. दिवसभर चुलीला चिकटून असतो. शेजारी कुणीतरी बसतं. दिसत नाही. दातांवर दात वाजल्याचा आवाज येतो, मला वाटलं माझेच. दोन्ही हातांनी जबडा घट्ट धरून बघितला. आवाज थांबला नाही.

२८ डिसेंबर

गंगारामतात्या आले, उंबरठ्याबाहेरच उभे राहिले. गेल्या वर्षी होडीवाला बाळा असाच चुकून त्या जागेवर बसला होता. ही थंडी आपोआप जात नाही म्हणाले. दुसऱ्याच्या अंगात शिरते तेव्हाच पहिल्याला सोडते. बाळाची बायको त्याला कुशीत घेऊन निजली. त्याला घाम फुटला, आणि ती तिसऱ्या दिवशी गेली. कोणाक हात लावा नकात, एवढं सांगून तात्या परत फिरले.

हसायला हवं होतं. हसू आलं नाही. तडक आनंदीला पत्र लिहिलं, येऊ नका.

१ जानेवारी १९५८

पारा पंचाण्णवच्या रेषेपर्यंत चढतच नाही. औषधाच्या बाटल्या खिडकीत ठेवून देतो, हात लागू देत नाही. मी घाबरलो आहे. फार घाबरलो आहे.

३ जानेवारी

आनंदीचं पत्र. पाच तारखेला येताहेत. माझं पोचलेलंच नाही. चालवत नाही, नाहीतर मीच कसालला— भिकाजी जायला तयार झाले. सांगा म्हटलं, मी आजारी आहे, तिथूनच परत जा.

५ जानेवारी, दुपार

चूक केली. नवरा आजारी आहे ऐकून कुठली बायको परत फिरेल— भिकाजी मागे राहिले, ती छबूला कडेवर घेऊन पुढे धावत आली. कडी घातली आहे. बाहेरून दार बडवतेय. जा म्हणतो, पण शब्द फुटत नाहीत, माझे दात, त्याचे दात—

न्हाणीकडचं दार उघडंच—

छबू आली. मांडीवर चढली. बाबा गार गार म्हणते. आनंदी चुलीकडे, पाणी तापवतेय, पाठमोरी. मी छबूला ढकलतो आहे. म्हणजे ढकलायला हवं—

पाठीतली हुडहुडी गेली. बोटं वळतात. अक्षर सरळ येतंय.

छबू बोलायची थांबली. ओठ निळसर. माझ्या कपाळाला घाम. आनंदीला हाक मारायची, हिला उचल म्हणायचं, हाक मारतो, आत्ता मारतो, फक्त पायांपर्यंत ही ऊब पोचू दे, एवढीच, मग लगेच हिला खाली—