सभेतली ओटी

सासूबाई, तुम्ही असतात तर आज दुपारी तुमच्या नातवाला चांगलं फैलावर घेतलं असतंत. मी नाही घेतलं. मी नुसतं "बरं" म्हटलं, आणि तो गेल्यावर दौत पुढ्यात ओढून बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं लोटली, तुम्हाला वाचायला येत नव्हतं, आणि मी कधी लिहायला बसले की तुम्ही म्हणायचात, "झालं, बाईसाहेब कारकुनीला बसल्या!" तरी लिहितेय. हे तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि सांगितल्यावाचून जेवण जायचं नाही.

आधी टोचणीचा दिवस. सगळं तिथूनच सुरू झालं. देवीची लस टोचणारा तो देवी डॉक्टर आळीत शिरला की आळी ओस पडायची, आठवतं ना? कुणी पोराला घेऊन माळ्यावर, कुणी कणगीमागे, कुणी मागच्या दारानं थेट तळ्यावर. त्या काळी लस हाताहातानं देत. एका पोराच्या दंडावरचे फोड पिकले की त्यातलं पाणी सुईनं घ्यायचं आणि दुसऱ्याच्या दंडावर टोचायचं. त्या दिवशी डॉक्टर चेंदणी कोळीवाड्यातल्या एका कोळिणीला बरोबर घेऊन आला होता, तिच्या कडेवरच्या पोराचा दंड पिकलेला. कोळिणीच्या पोराच्या अंगातलं पाणी आमच्या पोरांच्या अंगात! बायकांनी कानांवर हात ठेवले. मीसुद्धा माझ्या तान्ह्याला माजघरात पदराखाली धरून बसले होते, आणि मनात म्हणत होते, आपल्या घरी काही भीती नाही. कारण तुमचं सोवळं मला ठाऊक होतं. कोळिणीच्या पाटीचं पाणी अंगणात ठिबकलं तरी तुम्ही तिथं शेण फिरवायचात.

आणि तुम्हीच आलात. माझ्या मांडीवरून पोर उचललंत आणि सरळ ओट्यावर नेलंत. मी मागं धावले, "अहो सासूबाई, त्या पोराच्या हातचं?" म्हणून रडायला लागले. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. म्हणालात, "सोवळं माझं आहे. त्याची शिक्षा या पोराला कशाला?" मग जरा थांबून, हळू आवाजात, "माझी पोर देवीनं नेली. नवस झाले, कडुलिंबाचा पाला झाला, दूधभाताचा नैवेद्य झाला. एवढंच एक करायचं राहिलं होतं." पोर किंचाळलं, डॉक्टरनं टोचलं, ती कोळीण हसून म्हणाली, "कायी होत नाय गो बाय, माजा बग कसा गुटगुटीत हाय!" तुम्ही पोर माझ्या हातात दिलंत आणि न्हाणीत जाऊन डोक्यावरून घागरभर पाणी घेतलंत, ते वेगळंच. मी काही दिवस तुमच्याशी बोलत नव्हते. तुम्ही माझ्या ताटात तुपाची धार जास्त वाढत होतात आणि मी ती मुकाट्यानं खात होते, म्हणजे माझा राग कसला होता ते तुम्हीच समजा.

आठवड्यानं आपल्या बाळाचा दंड पिकला, डॉक्टर पुन्हा आला, तशी तुम्ही त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसलात आणि एकेकीला नाव घेऊन हाका मारायला लागलात. "या गं! आता तर भटाच्या पोराच्या हातची लस आहे. आता कुठं लपाल?" शेजारच्या काकू सगळ्यांत आधी आल्या, खाली मान घालून. त्यांच्यामागून सगळी आळी आली. पुढच्या उन्हाळ्यात देवीची साथ आली तेव्हा कोपरीकडून, खाडीकडून रोज काही ना काही कानावर यायचं. आपल्या आळीतलं एक पोर दगावलं नाही.

हे तेव्हा म्युनिसिपालटीत कारकून होते. एक दिवस पागोटं खुंटीला लावायच्या आधीच म्हणाले, "आई, सभेत तुझं नाव निघालंय. टोचणीला मदत केली म्हणून गोऱ्या साहेबाच्या हस्ते तुझा मान करायचाय." तुम्ही म्हणालात, "मेल्यांना दुसरे उद्योग नाहीत?" आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आलवण दोनदा धुतलंत आणि मला विचारलंत, "फार विटकं दिसतं का गं?" मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. मामंजी गेले तेव्हा ह्यांची मुंजसुद्धा झाली नव्हती. तेव्हापासून तुमच्या अंगावर आलवण, आणि चैत्रातलं हळदीकुंकू आलं की कैरीची डाळ तुम्ही वाटायची, पन्हं तुम्ही करायचं, आणि बायका यायच्या वेळी तुम्ही आतल्या खोलीत. लग्नकार्यात तुम्ही दाराआड. इतक्या वर्षांत तुम्हाला कुणी "पुढे या" म्हणून म्हटलं नव्हतं. खरं सांगते, मला तेव्हा दागिना नको होता, माहेर नको होतं. तुम्हाला चारचौघांत पुढे बोलावलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

सभा शाळेच्या दिवाणखान्यात भरली. पुढे खुर्च्यांवर साहेब आणि बडी मंडळी, खाली जाजमावर गाव, आणि बाजूच्या खोलीत बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे आम्ही बायका. आधी चिटणिसांनी गावाला द्यायच्या सूचना वाचल्या. पिण्याच्या घाटावर धुणी धुऊ नयेत. मोकाट गुरं कोंडवाड्यात जातील. रस्त्यावरचे दिवे चांदण्या रात्री लागणार नाहीत. त्यावर तुम्ही मोठ्यानं पुटपुटलात, "आणि ढग आले तर? चंद्राला नोटीस धाडणार वाटतं!" खोलीतल्या बायका फिसकन हसल्या, पलीकडून कुणीतरी खाकरलं, आणि मी तुमच्या हाताला चिमटा काढला. हात थंडगार होता. तुम्ही घाबरला होतात हे मला तेव्हा कळलं.

मग मान सुरू झाले. देवी डॉक्टरला पागोटं बांधलं. दिवे लावणाऱ्याला घोंगडी दिली. मग त्या कोळिणीला बोलावलं. ती काही पडद्याआड नव्हती, दाराशीच उभी होती. साहेबानं ताट दिलं, त्यात हिरवं लुगडं, खण आणि नारळ. तिनं ताट घेतलं, कपाळाला लावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तुमचं नाव पुकारलं. नाव कसलं, ह्यांचं नाव घेऊन "यांच्या मातोश्री" एवढंच. तुम्ही डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलात आणि चिक बाजूला सारून उंबऱ्यावर उभ्या राहिलात. मी तुमच्या मागे. शिपायानं दुसरं ताट साहेबाच्या हातात दिलं. त्यातही हिरवं लुगडं, खण आणि नारळ.

विधवेपुढे सवाष्णीचं ताट! माझ्या मागे काकू म्हणाल्या, "अगं बाई, हे काय मेलं!" मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीशी उभे होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता, कारण ती ताटं ह्यांनीच मांडली होती. दोन बायका, दोन सारखी ताटं. साहेबाला यातलं काय कळणार? तो बिचारा हसत ताट पुढे करून उभा. नाही म्हणावं तर साहेबाचा अपमान, आणि ह्यांची नोकरी त्याच्या हातात. घ्यावं तर गाव जन्मभर चघळणार. आणि मी पाहिलं, तुमचा हात पुढे गेला होता. खणाच्या काठावर तुमची बोटं टेकली. क्षणभर तिथंच राहिली.

मग तुम्ही हात मागे घेतलात, आणि कधी नव्हे ते पुरुषांच्या सभेत मोठ्यानं बोललात. "सूनबाई, पुढे हो. पोर तुझं होतं, मान तुझा." मी पुढे झाले. आणि त्या कोळिणीकडे वळून तुम्ही म्हणालात, "ये गं. तुझ्या पोराच्या हातचं माझ्या नातवाच्या अंगात आहे. तूच भर हिची ओटी." ती घाबरली. "मी? आई, मी कशी भरू वो?" तुम्ही म्हणालात, "सवाष्ण आहेस ना? मग भर." तिनं साहेबाच्या हातातलं ताट घेतलं आणि भरल्या सभेत माझ्या पदरात नारळ घातला. तिच्या हातांना मासळीचा वास होता. साहेबाला वाटलं इथली हीच रीत असेल, त्यानं जोरात टाळ्या वाजवल्या. साहेब वाजवतोय म्हटल्यावर बाकीच्यांना वाजवाव्याच लागल्या. काकूंनीसुद्धा वाजवल्या!

घरी आल्यावर हे जेवेनात. पाटावर बसून लहान पोरासारखे रडले. "आई, मी बायकांचं ताट म्हणून सांगून टाकलं गं. आपली आई आहे एवढंच डोक्यात होतं. पुढचं सुचलंच नाही." तुम्ही उठून मागं निघून गेलात. मला वाटलं, दुखावल्या. मागच्या अंगणात तुम्ही तुळशीपाशी बसला होतात, दिवेलागणीला अजून अवकाश होता. तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी जवळ बसले आणि म्हटलं, "सासूबाई, त्यांच्या मनात काही नव्हतं हो." तुम्ही म्हणालात, "वेडे, तेच तर! सगळं गाव मला बघतं ते आधी आलवण बघतं. तू बघतेस, काकू बघते, मी स्वतः आरशात बघत नाही ती त्यासाठीच. एक माझा पोरगा आहे, तो विसरला. त्याला नुसती आई दिसली." मग पदरानं नाक पुसून म्हणालात, "मनात आलं होतं, घ्यावं. पण मग त्याला फार बोल लागला असता. आणि हे बघ, त्याला यातलं काही सांगू नकोस. नाहीतर मेला पुढच्या वेळी लक्षात ठेवील."

मी नाही सांगितलं. तुमच्या मागे कितीतरी वर्षं ह्यांच्या मनात ती सल राहिली. तुमच्या श्राद्धाला पान वाढताना दर साली म्हणायचे, "त्या दिवशी मी आईला गावापुढे उभं केलं गं." गेल्या वर्षी ह्यांचं शेवटचं दुखणं झालं तेव्हा मात्र मला राहवलं नाही. उशाशी बसून तुमचा शब्द न् शब्द सांगितला. मग हे हसले. म्हणाले, "म्हणजे सगळ्या नोकरीत माझी एक तरी चूक मंजूर झाली म्हणायची." त्यानंतर चार दिवसांनी गेले. शांतपणे गेले हो, तुम्हाला म्हणून सांगते.

आता तुमचा नातू. दंडावरचे ते वण अजून आहेत. मोठा झाला, वकील झाला, म्युनिसिपालटीत मेंबर झाला. तुमच्यासारखाच हट्टी आहे, पण माया करतो. यंदा गाठीच्या तापात, त्या प्लेगात, सगळा गाव बाहेर झोपड्यांत राहायला गेला, तेव्हा मी आणि आळीतल्या काही बायकांनी तिथल्या आजाऱ्यांचं पेज-पाणी पाहिलं. काकूंची सूनही होती बरोबर. त्याबद्दल सभेत आम्हा बायकांचा मान व्हायचाय आणि सगळी व्यवस्था याच्याकडे. आज दुपारी येऊन माझ्यापुढे बसला. पाय दाबत म्हणाला, "आई, तुझं सगळं मी नीट पाहिलंय. बाकीच्यांना खण-नारळ, पण त्यांना आधी बोलावून घेऊ. त्या आत गेल्या की मग तुला वेगळं बोलावायचं. तुला साधी शाल आणि पोथी. आजीच्या वेळचा घोळ मी होऊ देणार नाही. तुला कुठं लागेल असं काही राहिलं नाही ना?"

काय सांगणार त्याला? किती विचार केला होता पोरानं! कुणाला कुठं बसवायचं, ताट कुणाच्या हातून यायचं, मी कुठल्या दारानं यायचं, सगळं. मी म्हटलं, "नाही रे बाळा, बरं केलंस." त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो समाधानानं गेला.

हे पत्र काही कुठं जायचं नाही. चूल पेटली की त्यात घालणार आहे, म्हणजे त्याच्या हाती लागायला नको. सभेला जाईन, शाल घेईन, पोथी कपाळाला लावीन, साहेब हसला तर मीही हसेन. पण सासूबाई, तो सगळं समजावून सांगत होता ना, तेव्हा मी एकीकडे मान हलवत होते आणि मनातल्या मनात देवाला सारखं विनवत होते, याला विसरू दे रे, एकदा तरी याला विसरू दे.