अंजूचं पोट

२ सप्टेंबर, सिरसाळा

माफ कर, वही. जूनपासून तुला उघडलं नाही. कारण काही नाही — लिहून काही होतं, यावरचा विश्वासच उडालाय. कॉलेजात असल्यापासून लिहितेय, अर्धशिशी तिथेच!

आणि नेमकं मलाच बीडच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय — मुलांनी मनातलं लिहून काढलं की तब्येत सुधारते. सलग चार दिवस, शेवटचा तास. शुद्धलेखन बघायचं नाही, कागद कुणी वाचायचा नाही. ‘फरक टिकतो का?’ मी विचारलं. ‘करून बघा,’ प्रशिक्षक म्हणाले. जेवायची सुट्टी झाली.

८ सप्टेंबर

अकरावीच्या वर्गात सुरुवात केली. योगीराज पहिल्या बाकावरून — ‘मॅडम, याला मार्क हायेत का?’

‘नाहीत.’

‘मग कावून लिहायचं?’

‘मन हलकं व्हायला.’

‘आमचं हलकंच हाय, मॅडम!’

वर्ग हसला. पण लिहिलं सगळ्यांनी, खाली मान घालून. योगीराजनेसुद्धा. मग फाडून टोपलीत. खालच्या वर्गांची खिचडी शिजवणाऱ्या कडूबाईंनी टोपली चुलीपाशी नेली. ‘कागद झकास पेटतोय. उद्या बी धाडा.’

१२ सप्टेंबर

अंजू आज बाकावर आडवी झाली नाही! दुखणं जुनं; अकरावीत आल्यापासून रोज दुपारी पोट धरून पडायची. अंबाजोगाईला सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. ‘नाटकं,’ असं आमच्याच स्टाफरूममध्ये म्हणाले.

२५ सप्टेंबर

‘अंजू, पोट?’ ‘न्हाई दुखत, मॅडम.’ रोज विचारते, रोज तेच उत्तर. लिहायला लाज वाटते, पण वाटलं — आपल्या हातून कुणाचं तरी काही बरं झालं. तिच्या आईला फोन करून सांगितलं, पोरगी बरी झाली!

विज्ञानाचे रामप्रसाद सर म्हणाले, ‘ताप गोळीनं बी उतरतो, मॅडम. दिवाळीच्या पाडव्याला विचारा तिला.’ राग आला. बरोबर बोलले म्हणूनच आला.

९ ऑक्टोबर

बाकीच्यांचं बरं वाटणं ओसरलं. दोघी-तिघींना झोप लागत होती, ती पुन्हा गेली. योगीराज म्हणतो, ‘चार दिवस बरं वाटलं, मॅडम. मग घरी तेच की.’

तेच की. कागद जळतो, घर जागच्या जागी. हे मला आधी कळायला नको होतं? की कळलं होतं, आणि तरी करून बघायचं होतं?

अंजू तेवढी टिकली. तिलाच धरून बसलेय.

३१ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. अंजूची आई छबुबाई घरी आली. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. ‘तुमी लई उपकार केले, मॅडम.’ मी फुगले.

मग म्हणाली, सोमवारी ऊसतोडीला निघायचं, अंजूला घेऊन. थोरल्या पोराची, हनुमानची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. तो एकटा म्हणजे अर्धाच कोयता, मुकादम घेईना. बहीण जोडीला दिली की कोयता पुरा. ‘गेल्या साली पोटामुळं हिला माझ्या आईपाशी ठिवलती. आता तुमीच म्हणल्या, बरी हाय.’

‘अहो, वर्ष जाईल तिचं!’

‘जातंय की. कुणाचं जात न्हाई?’ चिडून नाही, समजावून सांगितल्यासारखं.

अंजू दारात उभी. मी तिच्याकडे बघितलं. तिनं चपलेकडे.

काय केलं मी? दुखणं तिला घरी ठेवत होतं, आणि मी दुखण्यावर औषध शोधत बसले! पोट दुखत राहिलं असतं तर बरं — असं माझ्या मनात आलं. एका शिक्षिकेच्या मनात.

१ नोव्हेंबर

शेंगा तशाच पडून आहेत. फोडवत नाहीत.

३ नोव्हेंबर

दुपारी अनोळखी नंबर. ‘मॅडम, मी अंजू. गाडी मांजरसुंब्याला थांबलीय. दादाचा फोन हाय.’ मागे हॉर्न, लेकरांचा कालवा.

‘एक सांगू? रागावू नका. पोट थांबलंच नव्हतं.’

‘मग रोज नाही का म्हणायचीस?’

‘तुमी लई खूश व्हायच्या.’

आईला सांग म्हटलं. ‘सांगितलं. ती म्हणती, मॅडम काय खोटं बोलत्यात व्हय?’

उद्या — छबुबाईंना फोन. पोरगी बरी झालेली नाही, हे मीच सांगायचं.